सुट्टीतली राखण : पोरं, जनावरं आणि उन्हाळा



शाळांना सुट्ट्या लागल्या. मुंबई-पुण्याहून नणंदेची पोरं आली, भावाची आली. घरात दोनाची सहा झाली. दप्तर कोनाड्यात गेलं आणि दार सताड उघडं पडलं. दिवसभर नुसती पळापळ. कुणी झाडावर, कुणी ओढ्यात, कुणी शेरडांमागं. आणि आपण? आपल्याला सुट्टी नाही. खुरपणी नसली तरी रानाची साफसफाई आहे, वैरण आहे, पाणी आहे, कुरडया-पापड आहेत, लग्नसराई आहे. मग पोरांकडं बघायचं कोणी? बहुतेक घरांत याचं एकच उत्तर असतं : मोठी बहीण. आणि ती मोठी बहीण असते आठ वर्षांची.

आज आम्ही आमच्या बचत गटातर्फे याच गोष्टीवर बोलणार आहोत. सुट्टीत पोरांनी काय काय करावं, घरच्या जनावरांना उन्हात कसं सांभाळावं, आणि या दोघांची एकत्र राखण कशी करावी. माणदेशात पोरं आणि जनावरं वेगळी नसतातच. करडू पोराच्या मागं आणि पोर करडाच्या मागं. म्हणून दोघांचा विचार एकत्रच करायला हवा.

आधी पाण्याचं बोलू

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या वस्तीवर एक करडू शेततळ्याच्या काठाला पाणी प्यायला उतरलं. आतल्या प्लास्टिकवर त्याचा पाय घसरला. मागं नऊ वर्षांचा पोरगा होता, तो त्याला धरायला गेला आणि तोही घसरला. ओला कागद शेवाळानं बुळबुळीत झालेला. धरायला काही नाही, पाय रोवायला काही नाही. जवळच एक मावशी कडवळ कापत होत्या. त्या स्वतः पाण्यात उतरल्या नाहीत, हे फार बरं झालं. त्यांनी म्हशीचा कासरा सोडला, त्याला गाठ मारली आणि पोराकडं फेकला. पोरानं धरला. पोरगा वाचला, करडू गेलं.

मैत्रिणींनो, २०१६ साली राज्य सरकारची 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, तेव्हापासून आपल्या भागात तळी वाढली. पाणी राहिलं, डाळिंबं जगली, याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळं म्हणजे दहा फूट पाणी. त्यात आत प्लास्टिक अंथरलेलं असेल तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. विहिरीला निदान पायऱ्या असतात, कपार असते. इथं काहीच नाही.

त्या दिवसानंतर आम्ही गटात बसून चार गोष्टी ठरवल्या. त्यांना फारसा पैसा लागत नाही, म्हणून तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट, तळ्याच्या चारी बाजूंना एकेक जाड दोर. वरच्या टोकाला लोखंडी किंवा लाकडी खुंट पक्का ठोकायचा आणि दोर पाण्यापर्यंत सोडायचा. दोराला हात-हातभर अंतरावर गाठी मारायच्या, म्हणजे ओल्या हातातून तो निसटत नाही. दुसरी गोष्ट, ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून काठाला बांधून ठेवायची. ट्यूब नसेल तर झाकण घट्ट बसलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन दोराला बांधायचा. तोही तरंगतो. तिसरी गोष्ट, कुंपण. तारेची जाळी परवडत नसेल तर बोरी-बाभळीच्या काट्या लावा. शेरडू आणि पोर, दोघंही काट्याला भितात. चौथी गोष्ट, जनावरांचं पाणी तळ्यापासून लांब. पाइपनं पाणी हौदात घ्या आणि तिथंच पाजा. जनावर काठाला गेलं की पोर जातंच.

आणि हे पोरांना रोज सांगा, पाढ्यासारखं म्हणून घ्या : कुणी बुडत असेल तर आपण उडी मारायची नाही. ओरडायचं. दोर, काठी, कॅन, जे मिळेल ते फेकायचं. एक बुडताना दिसला म्हणून दुसरा उतरतो, आणि एका घरातली दोन-दोन पोरं जातात.

पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसाला पालथं घालून, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. उलटं टांगून फिरवू तर नकाच. हाक मारा, हलवून बघा. श्वास चालत असेल तर कुशीवर निजवा, ओले कपडे काढा, अंगावर कोरडं पांघरूण घाला. श्वास नसेल तर एकीनं लगेच १०८ ला फोन लावायचा, दुसरीनं उताणं निजवून हनुवटी वर उचलायची, नाक चिमटीत धरायचं आणि तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा. मग छातीच्या मधोमध जोरानं आणि भराभर ३० वेळा दाबायचं, पुन्हा २ श्वास द्यायचे. मदत येईपर्यंत हे थांबवायचं नाही. पण हे ऐकून येत नाही, हातानं करावं लागतं. आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना किंवा आशाताईंना गटाच्या बैठकीला बोलवा आणि उशीवर करून दाखवायला सांगा. आम्ही तसंच शिकलो. पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा येत नाही.

पोरींनाही पोहायला शिकवा

सुट्टीत शिकण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती, असं विचाराल तर आम्ही म्हणू, पोहणं. आपल्याकडं पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की बाप किंवा चुलता त्याच्या पाठीला डबा नाही तर वाळका भोपळा बांधतो आणि विहिरीत सोडतो. पोरगी मात्र काठावर कपडे राखत बसते. आणि पुढं आयुष्यभर पाणी कोण शेंदतं? धुणं घेऊन कोण जातं? मोटर बंद पडली की विहिरीत वाकून कोण बघतं? जिचं सगळं आयुष्य पाण्याच्या काठावर जायचं, तिलाच आपण पोहायला शिकवत नाही.

आमच्या गटात हा विषय निघाला तेव्हा कुरकुर झाली. लोक काय म्हणतील, कपडे कुठले घालायचे, शिकवणार कोण. मग कळलं की गटातल्याच एक काकी माहेरी नदीकाठच्या, त्यांना उत्तम पोहता येतं. सासरी आल्यापासून वीस वर्षं कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. आता त्या सकाळी सहा ते सात पोरींना शिकवतात. पायऱ्यांची विहीर, पोरींच्या अंगात सलवार-कुर्ता नाही तर अर्धी चड्डी आणि सदरा. ओढणी नको, पाण्यात ती गळ्यात आणि पायात अडकते. कमरेला दोर, दोराचं टोक वर एका आईच्या हातात. एका वेळी पाण्यात दोनच पोरी.

तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मोठं माणूस पाण्यात असल्याशिवाय मूल उतरवायचं नाही. जेवण झाल्यावर लगेच पोहायचं नाही. आणि पोहायला आलं म्हणून राखण सोडायची नाही.

राखणीची पाळी

आता त्या आठ वर्षांच्या मोठ्या बहिणीकडं वळू. तिच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ असतो. तिलाही खेळायचं असतं. ती गजगे खेळायला बसली की तो रांगत हौदाकडं जातो. दोष तिचा नाही. ते काम तिचं नव्हतंच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात बुडून मरणाऱ्यांत सगळ्यात जास्त धोका १ ते ४ वर्षांच्या मुलांना असतो. एवढ्या लहानाला तळंच लागतं असं नाही. अर्धी भरलेली बादलीही पुरते. बांगलादेश हा तर पाण्याचाच देश, घराघरामागं पुकूर म्हणजे तळं. तिथं गावोगाव 'आँचल' नावाची बालघरं सुरू झाली. आँचल म्हणजे आपला पदर. गावातलीच एक बाई सकाळी ९ ते दुपारी १ पर्यंत पाच वर्षांखालच्या मुलांना आपल्या घरी सांभाळते, कारण आया कामात गुंतलेल्या असतात तीच ही वेळ. नुसत्या या चार तासांच्या राखणीनं त्या मुलांचं बुडणं फार कमी झालं, असं तिथल्या अभ्यासांत दिसलं. औषध नाही, यंत्र नाही. फक्त कुणीतरी बघतंय.

आपल्याकडंही ही कल्पना नवी नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातच लिहिलं गेलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमावं आणि तिला मजुरी द्यावी. म्हणजे मूल सांभाळणं हे काम आहे, हे कायद्यानंही मानलं.

आम्ही देवळाच्या सभामंडपात पाळी लावली. दुपारी ११ ते ४. रोज दोघी. पहिल्याच बैठकीत एक वहिनी म्हणाल्या, "माझी रोजगारी बुडेल, तिचं काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही हिशेब घातला. गटात वीस जणी, रोज दोघी, म्हणजे एकीची पाळी दहा दिवसांनी एकदा. उरलेले नऊ दिवस ती निर्धास्त कामाला जाते. जिचा खाडा खरंच परवडत नाही, तिची पाळी घरातल्या सासूबाईंनी किंवा जावेनं घ्यायची. आणि दोघींत एक म्हातारी, एक तरणी अशी जोडी लावायची. आज्जींना गोष्टी येतात पण गुडघे दुखतात, रांगत्या पोरामागं पळता येत नाही. एकीची जीभ आणि दुसरीचे पाय, असं काम चालतं.

पाळीवर बसण्याआधी करायच्या गोष्टी : सगळ्या बादल्या पालथ्या, हौदावर फळी, कीटकनाशकाच्या आणि खताच्या बाटल्या-पिशव्या कुलपात, पोरांची मोजणी. दर तासाला पुन्हा मोजणी. हे कोंबड्या मोजण्यासारखं वाटेल, पण कोंबड्या आपण रोज मोजतोच की.

दुपारच्या उन्हात घरात काय?

११ ते ४ पोरांना सावलीत बसवायचं तर हाताला काही तरी हवं. नुसतं "गप बस" म्हटलं तर पाच मिनिटंही बसत नाहीत.

चिंच फोडायला बसवा. चिंचोके काढून मोठ्यांनी दहा-दहाचे ढीग घालायचे, लहानांनी मोजायचे. यात पाढे होतात. गजगे, काचाकवड्या, सारीपाट हे सावलीतले खेळ. चिंध्यांची छोटी गोधडी शिवायला शिकवा, पोरांनाही. बाहुलीला पांघरायची, नाही तर मांजराच्या पिलांना.

आज्जींना जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावा आणि पोरांना त्या वहीत लिहायला सांगा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून बायकांच्या तोंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपल्या आज्जींच्या तोंडात अजून किती आहेत, कुणी मोजलंय? जातं थांबलं की ओवी थांबते. नातवानं लिहिली तर राहते. मोबाइलवर आवाज भरून ठेवता आला तर आणखी चांगलं.

वाचणाऱ्या पोरांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. एका मोबाइलवर एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मोबाइलचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही.

सकाळची आणि सांजची वेळ मोकळ्या खेळाची. सूरपारंब्या, लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या. मे अखेरीपासून निंबोळ्या पिकून पडायला लागतात. पोरांनी सकाळी गोळा करायच्या, गर धुऊन सावलीत वाळवायच्या. पुढं ५ किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवल्या आणि गाळून १०० लीटर पाणी केलं की पाच टक्क्यांचा अर्क होतो, तो भाजीपाल्यावर फवारायला चालतो. विकत आणायचं एक औषध कमी. पोरांना किलोमागं थोडे पैसे द्या, वह्या त्यातूनच येतील.

उन्हाचं एक लक्षात ठेवा. पोर खेळून आलं, घाम आलाय, चक्कर येतेय, पाय दुखतात, तर सावलीत निजवा आणि थोडं थोडं पाणी द्या. ताक, पन्हं, कोकम सरबत, काहीही. जुलाब-उलट्या असतील तर जीवनजल द्या. पुडी नसली तर १ लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मोजूनच घाला, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. पण अंग तव्यासारखं तापलंय, पोर बरळतंय किंवा हाकेला ओ देत नाही, तर तो उष्माघात. घरगुती उपायांत वेळ दवडायचा नाही. अंगावर पाणी ओता, ओली चादर गुंडाळा, वारा घाला आणि १०८ बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

मुक्या जिवांचा उन्हाळा

माणूस घामानं गार होतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेवढाच. म्हणून त्याला सकाळी बांधलं ते ठिकाण दुपारी बघून या. सावली फिरते, साखळी फिरत नाही. आठला सावलीत असलेलं कुत्रं बाराला उन्हात होरपळत असतं आणि पाण्याचं भांडं हातभर लांब असतं. पत्र्याखाली बांधू नका, झाडाखाली बांधा, जड भांड्यात पाणी ठेवा म्हणजे लवंडणार नाही. कुत्रं लडबडायला लागलं, तोंडातून लाळ गळायला लागली तर साधं पाणी अंगावर घालून वारा द्या.

म्हशीचं कातडं काळं, घामाच्या ग्रंथी कमी. तिला उन्हाचा त्रास गाईपेक्षा जास्त. दुपारी दोनदा अंगावर पाणी घाला किंवा ओलं पोतं टाका. पाणी कमी असेल तर धुण्याचं शेवटचं, साबण नसलेलं पाणी त्यासाठी ठेवा. वैरण पहाटे आणि सांजच्याला टाका, भर दुपारी जनावर खात नाही. खिलार बैल काटक खरा, पण तोही सावली मागतो. कोंबड्या चोच उघडून, पंख पसरून बसल्या की समजा ऊन सोसत नाही. खुराड्याला ओली पोती लावा, पाणी दोनदा बदला.

शेरडं घेऊन पोरं रानात जातात, त्यांना दोन गोष्टी नीट सांगा. ज्वारी काढल्यावर बुडख्यातून जी कोवळी पालवी फुटते, ती पाण्याच्या ताणात विषारी होते. जनावर थोडंसं खाऊनही तडफडून मरतं. त्या रानात जनावर घालायचं नाही. आणि युरिया कालवलेलं पाणी उघडं ठेवायचं नाही. शेरडू ते पितं आणि फुगून पडतं. असं काही झालं तर पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा नंबर लावा.

पावसाळ्याआधी घटसर्प, फऱ्या आणि शेरडा-मेंढरांना आंत्रविषार यांच्या लसी टोचून घ्यायची हीच वेळ. जनावरांची यादी करायला पोरांना बसवा : नाव, रंग, वय, कुठली लस कधी. सुट्टीतला यापेक्षा चांगला गृहपाठ नाही. दारात आणि झाडावर पाखरांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवणं हेही पोरांचंच काम. मात्र रोज घासून बदलायचं, नाही तर त्यात डासांची अंडी होतात.

कुत्रं चावलं तर

ही गोष्ट आम्ही मुद्दाम वेगळी सांगतोय. सुट्टीत पोरं दिवसभर कुत्र्या-मांजरांत असतात. पोरांना शिकवा : खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिलांच्या आईजवळ जायचं नाही. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर खाली.

आणि आयांनो, तुम्हाला एक सांगायचं आहे. मार बसेल म्हणून पोरं चावा लपवतात. "तिकडं कशाला गेलतास?" हा आपला पहिला शब्द असतो, म्हणून ती सांगत नाहीत. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा अंगात दिसायला लागला की त्यावर इलाज नाही. वेळेवर लस घेतली तर तो रोग होत नाही. मधला सगळा वेळ पोराच्या हातात असतो, त्यानं सांगण्यावर असतो. म्हणून आजच जेवताना सांगून ठेवा, चावलं, ओरबाडलं, काही झालं तरी ये, कुणी रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका.

चावल्यावर पहिलं काम, वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल काही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. मग सरळ सरकारी दवाखाना. लस तिथं मोफत असते. पोटातल्या चौदा सुया आता राहिल्या नाहीत. सरकारी दवाखान्यात दंडाला टोचतात, पहिल्या दिवशी आणि मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. एकही तारीख चुकवू नका, मग गावात लग्न असो की जत्रा. आपलं पाळलेलं कुत्रं, पिल्लू, मांजर चावलं तरी हेच करायचं.

लुई पाश्चर यांनी ही लस पहिल्यांदा एका मुलाला टोचली, तो होता नऊ वर्षांचा, आणि साल होतं १८८५. तो वाचला. आज एवढ्या वर्षांनी आपलं पोर साबणावाचून आणि चार तारखांवाचून जाऊ नये.

घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झालं की लस, महिन्यानं दुसरी, मग दरसाल. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रात्रीचं

उकडतं म्हणून आपण अंगणात झोपतो. जमिनीवर अंथरूण घालू नका, निदान पोरांना खाटेवर झोपवा, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा. मण्यार रात्री फिरते, तिचा चावा मुंगीएवढाही कळत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, तोवर उशीर झालेला असतो. नाग, घोणस, फुरसं किंवा मण्यार, कुठलाही साप चावला तरी कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही. चावलेला हात-पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, धीर द्यायचा आणि दवाखाना गाठायचा. सर्पदंशाचं औषध तिथं असतं, भगताकडं नसतं.

गोवऱ्यांच्या आणि सरपणाच्या ढिगात पोरांना हात घालायला लावू नका, विंचू तिथंच असतो. विंचू चावल्यावर पोराला दरदरून घाम आला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर लगेच दवाखान्यात न्या. कोकणात बिरवाडीच्या आणि महाडच्या दवाखान्यात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीनं विंचूदंशाची मुलं वाचतात, हे दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इलाज आहे, फक्त वेळेत पोहोचायला हवं.

या आठवड्यात एवढं करा

मैत्रिणींनो, एका भाषणात सांगितलेलं सगळं एका दिवसात होत नाही. पण येत्या आठवड्यात गटाच्या बैठकीत चार ओळी ठरावात लिहा. पहिली : कुठल्या कुठल्या तळ्यावर आणि विहिरीवर दोर नाही, आणि तो कोण बांधणार. दुसरी : राखणीच्या पाळीची यादी, नावं आणि वार घालून. तिसरी : पोरींना पोहायला शिकवणारी बाई कोण. तुमच्या गावात ती नक्की आहे, विचारून बघा. चौथी : १०८ आणि १९६२ हे दोन नंबर मोठ्या अक्षरांत प्रत्येक घराच्या दारामागं. ते लिहायचं काम पोरांना द्या, रंगीत खडूनं.

शाळा उघडतील तेव्हा जेवढी पोरं सुट्टीला आली होती तेवढीच दप्तर घेऊन निघावीत, आणि गोठ्यात जेवढी दावी होती तेवढीच भरलेली असावीत. एवढं जमलं की आपला उन्हाळा चांगला गेला म्हणायचं.

सांभाळून राहा, पाणी प्या आणि शेजारणीचं पोर दिसलं तर त्यालाही हाक मारा. नमस्कार.